ढकलून पाहिलं का?

कुठलंही बंद दार दिसलं की काकू त्याला दोन बोटं लावायच्या. दारावर 'क्लोज्ड' लिहिलेलं असो, 'स्टाफ ओन्ली' असो, काहीही असो. हलकंच ढकलायच्या, मान जराशी तिरकी करून थांबायच्या, आणि उघडलं नाही तर जराही वाईट वाटून न घेता पुढे चालू लागायच्या. उघडलं तर आत जायच्या. "अहो, लिहिलेलं वाचत नाही का तुम्ही?" असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "वाचलं ना. ढकलून पण पाहिलं."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याच्याबरोबर मॉलमध्ये जाणं टाळतो.

काकू मूळच्या नागपूरच्या. टोरंटोत येऊन त्यांनी निवृत्त होईपर्यंत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. एखाद्या प्रोग्रॅमरने "हे कधी मोडणारच नाही" म्हटलं की ते मोडेपर्यंत त्या जेवायच्या नाहीत म्हणे. पुढे रिटायर झाल्या, पण टेस्टिंग थांबलं नाही, पगार तेवढा थांबला.

आमची ओळख झाली ती माझ्या पत्रकामुळे. टोरंटोला लागून असलेल्या मिसिसागात दोन उंच कॉन्डो इमारतींच्या मधून समुद्राएवढ्या लेकच्या पाण्यापर्यंत जाणारी एक चिंचोळी वाट आहे. कॉन्डोवाल्यांनी तिच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवलं आणि 'फक्त रहिवाशांसाठी' अशी पाटी ठोकली. माझं डोकं फिरलं. अजूनही फिरतं. पाणी काय यांच्या बापाचं आहे? मी दिवसभर जवळच्या वॉन गावातल्या गोदामात खोकी स्कॅन करायचे आणि रविवारी आमच्या भाडेकरूंच्या गटाची पत्रकं लिहायचे. त्या पत्रकाचा मथळा होता, 'पाण्याला कुलूप!' खाली तीन मागण्या. उद्गारचिन्हं मी मोकळ्या हाताने वापरली होती.

बर्फात उभी राहून मी ती वाटत होते. कॉन्डोतून बाहेर आलेल्या, जाड कोटातल्या एक बाई थांबल्या, त्यांनी पत्रक शेवटपर्यंत, खालच्या माझ्या नावासकट वाचलं. असं कोणी करत नाही, त्यामुळे मला भरून आलं.

"मराठी का वं तू?"

"हो! काकू, तुम्ही इथल्या रहिवासी आहात, तर तुमच्या बोर्डाला—"

"कुलूप कुठं आहे?"

"गेटला."

"पाहिलं का तू?"

"पाटी आहे ना एवढी मोठी!"

त्या गेटपाशी गेल्या. हातमोजा काढला. दोन बोटं लावली. गेट कुरकुरत उघडलं आणि पलीकडे आख्खा लेक दिसायला लागला. माझे दोन सहकारी एकदम आभाळाकडे बघू लागले.

"मथळा बदल," काकू म्हणाल्या. "पाण्याला पाटी, असं लिही. अन् चल आता, चहा घे. नाक लाल होऊन राहिलं तुझं."

त्या चहापासून मी दर रविवारी त्यांच्याकडे पडीक असायचे. आणि तिथेच मला कळलं की या बाईचं खरं घर मिसिसागात नाही. ते तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आहे.

झालं असं होतं, की एका वर्षी भारतात जाताना त्यांचं विमान इस्तंबूलला चुकलं. पुढच्या विमानाची वाट बघत कोणीही विमानतळावर पाय सुजवत बसलं असतं. काकूंनी दुसरं तिकीट काढलं आणि दक्षिणेच्या किनाऱ्यावर जाऊन आल्या. तेव्हापासून दर सप्टेंबरला नागपूरला जाताना त्या वाटेत उतरायच्या. त्यांचा मुलगा टोरंटोपासून लांब, फ्रेंच बोलणाऱ्या भागात, ब्रॉसार्डला राहतो. तो फोनवर कळवळायचा, "आई, सगळे क्यूबाला जातात. ऑल-इन्क्लुझिव्ह घे ना. एका जागी बसून खा." काकू म्हणायच्या, "बसून खायला घर आहे."

मला हे सगळं पटत नव्हतं. विमानप्रवास, पर्यटन, समुद्रकिनारे गिळणारी हॉटेलं, या प्रत्येकावर माझं एकेक पत्रक तयार होतं. तेवढ्यात माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं. काकू म्हणाल्या, "जाशीलच ना भारतात? मग वाटेत उतर माझ्यासोबत. तिथं जाऊन चीड. इथून चिडण्यात काय मजा?"

त्यांच्या आग्रहामागे एक कारण होतं. तिथे एक बेट होतं. दर वर्षी त्या नावेतून त्याच्या समोर जायच्या आणि दर वर्षी तिथवर पोहत जायचं राहून जायचं. कधी वारा, कधी दम कमी. त्या हिवाळ्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि नंतर मुलाकडे कायमचं जायचं. "हे शेवटचं," त्या म्हणाल्या आणि चिवड्याची पिशवी बॅगेत कोंबायला लागल्या.

बोझबुरुन नावाच्या गावी आम्ही उतरलो. तिथल्या गाड्या आपल्याकडच्या काळीपिवळीसारख्या, भरल्याशिवाय हलत नाहीत. काकू अशा गाडीत पुढे बसायच्या आणि रस्त्यावरून खाली पाणी दिसलं की ड्रायव्हरच्या खांद्यावर टिचकी मारायच्या. गाडी थांबायची. मग पाइनच्या झाडांमधून, शेळ्यांच्या वाटेने, खाली. काठीवर भार देऊन, बाजूबाजूने, खेकड्यासारख्या. प्रत्येक वळणाखाली एक छोटी खाडी, डोंगरांनी मुठीत धरल्यासारखी. काठावर वाळू नाहीच, पांढरे गोटे. पाणी इतकं स्वच्छ की नांगर टाकलेल्या नावेची सावली तळाशी पडलेली दिसायची आणि नाव हवेत टांगल्यासारखी वाटायची. काकू तिथे पाय बुडवायच्या, थर्मासमधला एक कप चहा प्यायच्या, आणि म्हणायच्या, "चल, पास. पुढचं."

एका खाडीवर मात्र हॉटेल होतं. ओळीने छत्र्या, आरामखुर्च्या आणि गेट. गेटवर इंग्रजीत 'प्रायव्हेट बीच'. मला हवं होतं तेच सापडलं. मी बाह्या सरसावेपर्यंत काकूंनी दोन बोटं लावली होती. आम्ही आत. रखवालदार धावत आला. मी त्याला सुनावायला सुरुवात केली, की समुद्राचा काठ सगळ्यांचा असतो, तुमच्याच देशाचा कायदा तसं म्हणतो, तुम्हाला लाज वाटली पाहिजे. माझं बोलणं चांगलं चाललं होतं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, एवढीच अडचण.

काकूंनी तोवर पाण्याला लागून चटई अंथरली होती. त्याच्यापुढे चिवड्याची पिशवी धरली. त्याने एक घास घेतला. तिखट लागलं. डोळ्यांत पाणी आलं. तो गेला आणि तीन ग्लास चहा घेऊन आला, एक स्वतःसाठी. बसला.

"त्याच्याशी काय भांडते?" काकू मला म्हणाल्या. "त्यानं लावलं का गेट?"

"पण काकू, व्यवस्था जेव्हा माणसाला पुढे करते तेव्हा—"

"दाणे खा."

आता नावेचं सांगते. लाकडी नाव, कप्तान पन्नाशीचा, मिशाळ. काकूंना तो 'तेय्झे' म्हणायचा. तेय्झे म्हणजे मावशी. नाव खाडीत शिरली की मागचा दोर घेऊन तो उडी मारायचा आणि काठावरच्या झाडाला बांधून यायचा. दुपारी एक बाई छोट्या होडीतून आली. होडीत चूल, लाटणं आणि पीठ. पातळ पोळ्या लाटून, आत पालक-चीज भरून, तव्यावर भाजून गिऱ्हाइकाच्या नावेत हातावर द्यायची. काकूंनी हावभाव करून लाटणं मागून घेतलं. मला वाटलं, आता ही दोन देशांची मैत्री वगैरे होणार. पण काकूंना पोळ्या येत नाहीत. जे लाटलं गेलं त्याला धड कोपरेही नव्हते. ती होडीवाली हसून हसून इतकी हलली की होडीत पाणी आलं. मग तिने तीच पोळी भाजली आणि माझ्याकडून पूर्ण पैसे घेतले.

आणि समोर ते बेट. उघडाबोडका खडक, कमरेला थोडी झुडपं, मध्ये गोट्यांचा एक पांढरा तुकडा. आजूबाजूला खडक पाण्याखाली, त्यामुळे नाव जवळ जात नाही. कप्तानाने रबरी होडीकडे बोट दाखवलं. दर वर्षी दाखवायचा म्हणे. काकूंनी नाही म्हणून मान हलवली.

"अहो, जा ना होडीतून," मी म्हटलं. "बेट तेच राहील की."

काकू काळी लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून शिडीवर बसल्या होत्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी मिसिसागाच्या कम्युनिटी सेंटरमध्ये पोहायला शिकलेली बाई. मी, जिने पाण्याच्या हक्कावर इतकी पत्रकं लिहिली, डेकवर नारिंगी लाइफजॅकेट घालून दांडा घट्ट धरून उभी होते. मला पोहता येत नव्हतं.

"माझी आई विहिरीच्या काठाला घागर घेऊन उभी राहायची," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. "विहिरीला हात लावायचा नाही. वरून कोणी ओतलं तर पाणी. नाही ओतलं तर रिकामी घागर. आमच्यात घोट्याच्या वर पाण्यात कोणी गेलंच नाही. दुसऱ्यानं ओतलेलं अन् दुसऱ्यानं पोचवलेलं, मला एकच वाटते."

माझी सवय वाईट. मी म्हटलं, "काकू, हे आपण पत्रकात—"

"गप. पोहून राहिली मी." आणि त्या पाण्यात उतरल्या.

त्या हळूहळू पोहत होत्या, मान वर, ऑफिसातून घरी निघालेल्या बाईसारख्या. उजवा पाय हलत होता, डावा नुसता बरोबर येत होता. अर्ध्याच्या पुढे गेल्या. कप्तान रबरी होडी घेऊन थोडा मागे वल्हवत होता. मग वारा उठला. पाण्यावर बारीक पांढरे दात दिसायला लागले. काकू थांबल्या. एका जागी हात मारत राहिल्या. मी डेकवरून ओरडत होते, "काकू, होडीत बसा!" आणि दुसऱ्या श्वासाला, "काकू, थोडंच राहिलंय!" माझी नेमकी मागणी काय होती ते मलाही माहीत नाही.

त्या वळल्या आणि पोहतच परत आल्या. होडीला हात लावला नाही. शिडीवर मी त्यांना ओढून घेतलं तेव्हा ओठ निळे होते. मला रडू आलं.

"तू काऊन रडते?"

"राहिलं ना तुमचं."

"म्हणजे बंद आहे का ते बेट?" टॉवेलमधून त्यांनी मान तिरकी केली. "मी ढकलून आली फक्त. जास्त जोर लागते, एवढंच."

त्या हिवाळ्यात ऑपरेशन झालं. कॉन्डो विकला. त्या ज्या हॉलमध्ये बुद्धवंदनेला जायच्या, तिथली त्यांची खुर्ची आता कोणीही घेतं. थर्मास माझ्याकडे आला. त्या गेटवरची पाटी अजून आहे, आमचा लढा चालू आहे, पत्रक हवं असेल तर सांगा. मी मात्र त्या वाटेने जाताना पाटी न वाचता दोन बोटं लावते.

आणि मी पोहायला शिकले. त्याच कम्युनिटी सेंटरमध्ये, प्रौढांचा वर्ग भरल्यामुळे लहान मुलांच्या वर्गात. पहिल्या दिवशी एका चिमुरडीने विचारलं, "आर यू समबडीज मॉम?" मी म्हटलं, नो, आय ॲम अ स्टुडंट. तिला माझी दया आली. तिने मला तिचा तरंगणारा बेडूक दिला.

गेल्या सप्टेंबरला भारतातून परतताना मी वाटेत उतरले. तोच कप्तान, तीच नाव. त्याने माझ्या मागे बघत विचारलं, "तेय्झे?" मी माझ्या गुडघ्यांवर हात मारून दाखवला आणि मग ‘लांब, तिकडेच राहिल्या’ अशी हाताने खूण केली. त्याने मिशी ओढली आणि रबरी होडीकडे बोट दाखवलं. मी मान हलवली.

कशी पोहले ते विचारू नका. त्यात डौल नव्हता. खारं पाणी नाकात, राग नाकावर. पण हात एकदम गोट्यांना लागले आणि मी रांगत बेटावर चढले. बघते तर वर दगडी कुंपण, आणि त्याला एक गंजलेलं गेट.

तुम्हीच सांगा, मी काय करणार होते?

संध्याकाळी गावातल्या चहाच्या दुकानातून ब्रॉसार्डला फोन लावला. नातीने उचलला. "अलो? ओह. आजी, से पूर त्वा, फॉर यू! इट्स द पॅम्फ्लेट लेडी!"

"काय वं?" काकूंचा आवाज.

"पोचले. पोहत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग, "होडी?"

"रिकामी आली मागून."

"हं." आणखी एकदा नाक. "काय आहे तिथं?"

"गेट आहे, काकू."

"बाप्पा! ढकललं का मग?"

"ढकललं."

"आत काय होतं?"

"शेळ्या. पुष्कळ. कप्तान होडीतून ओरडत होता, मला वाटलं शाबासकी देतोय. त्या कोंडून ठेवलेल्या होत्या, त्यांचा मालक उद्या येणार आहे म्हणे."

फोनवर काकूंचं हसणं सुरू झालं, खोकल्यासारखं, थांबेचना. मागून नात विचारत होती, "आजी, व्हॉट हॅपन्ड? व्हॉट हॅपन्ड?"

"अन् आता?" श्वास सापडल्यावर काकूंनी विचारलं. "आता कुठं आहेत त्या?"

मी खिडकीतून बघितलं. समोर समुद्रात बेट काळं होत चाललं होतं, आणि त्याच्या काठावरच्या गोट्यांवर बारीक बारीक ठिपके हलत होते, पार पाण्याला लागून.

"बाहेर," मी म्हटलं. "सगळ्या."