मिस्त्रीचा घण

माणगावच्या त्या गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची नव्हती, पण ऐरण होती. गाडीच्या एसीचा जुना पाइप, जुना पंप, काहीही काढलं की मिस्त्री ते ऐरणीवर ठेवायचा, गिऱ्हाइकाला दंडाला धरून समोर आणायचा आणि पाच किलोच्या घणाने त्याचा चेंदामेंदा करायचा. "बघा नीट. हे परत कोणाच्या गाडीत जायचं न्हाय." मी पहिल्यांदा गेले तेव्हा पितळेचा एक तुकडा उडून माझ्या नडगीत रुतला. त्याने तो चिमट्याने ओढून काढला, वर बोरिक पावडर टाकली आणि म्हणाला, "लांब उभं राहायचं ना, बाई." माफीबिफी काही नाही. ती खूण अजून आहे.

त्याचं नाव कोणी घेत नसे. तोंडावर मिस्त्री, पाठीमागे घण्या. साठीच्या जवळ आलेला, बुटका, जाड मानेचा. दोन्ही हातांना कोपरापर्यंत भाजल्याच्या सुरकुत्या. त्याचा राग आधी हातात यायचा, मग तोंडात. कोणी म्हणालं की "एवढं सगळं नको, नुसता गॅस भरून द्या," तर हातातला पाना भिंतीवर जायचा. भिंतीचं प्लास्टर तेवढ्या भागात उरलंच नव्हतं. महाडच्या एका माणसाने तीनदा तेच म्हटलं तेव्हा पाना भिंतीऐवजी त्याच्या बॉनेटवर गेला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने तो खड्डा स्वतः ठोकून सरळ केला, फुकट. ठोकताना शिव्या मात्र चालू होत्या.

मला त्याचं काम पडलं ते गाडीमुळे. हरिहरेश्वरला माझं पाच खोल्यांचं लॉज आहे. माणगाव स्टेशनवर उतरणारे म्हातारे पाहुणे आणायला मी एक पंचवीस वर्षांची गाडी घेतली होती. पत्रा दणकट, इंजिन चांगलं, एसी बंद. अशा गाड्यांत पूर्वी जो गॅस असायचा तो आता मिळत नाही. नवा गॅस घालायचा तर जुनं तेल काढून आतलं सगळं धुवावं लागतं, रबरी कड्या आणि ओल शोषणारी पत्र्याची बाटली बदलावी लागते, आणि गॅस भरायच्या जुन्या तोंडांवर नवी पितळी तोंडं बसवावी लागतात. मिस्त्री ती तोंडं डिंकासारखं काहीतरी लावून अशी आवळायचा की त्याच्या कपाळाची शीर फुगायची. "का एवढं?" मी विचारलं होतं. "उद्या कोणी भलतंच भरायला आला तर त्याचा पाइप लागता कामा न्हाय."

त्याने आठ दिवस मागितले. मे महिना होता, खोल्या भरलेल्या. मी आठ दिवस गाडी द्यायला तयार नव्हते. माझा ड्रायव्हर सुरेश म्हणाला, हायवेवर पुढे मिस्त्रीचाच धाकटा भाऊ आहे, दत्तू, तो अर्ध्या तासात गार करून देतो. खरंच दिली. चार दिवस पाहुणे खूश होते. पाचव्या दिवशी गाडीत स्वयंपाकघरातला शेगडीचा पाइप निसटल्यावर येतो तसा वास यायला लागला.

मी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, नाक खाली नेलं आणि तसाच मागे वळला. सुरेश पुढच्या चाकाशी उभा राहून बिडी पेटवत होता. मिस्त्रीने त्याच्या थोबाडीत अशी मारली की बिडी, काडीपेटी आणि सुरेश तीन दिशांना गेले. मग गाडीची चावी काढून गटारात भिरकावली.

"घरचा सिलिंडर भरलाय यात! शेगडीचा गॅस! म्हातारी माणसं बसवतेस ना यात? भाजायची हायत काय तुला?"

मी म्हटलं, "ओरडू नका. मला काय माहीत?"

"आता झालं ना माहीत!"

गाडी चालू न करता आम्ही तिघांनी ती मागच्या मोकळ्या शेतापर्यंत ढकलली. सुरेशचा ओठ सुजला होता, तरी तो ढकलत होता. वाऱ्याच्या बाजूने उभं राहून मिस्त्रीने सगळा गॅस सोडून दिला. तेव्हाच, गाडीकडेच बघत, त्याने ते सांगितलं. पूर्वी दोघा भावांचं दुकान एकत्र होतं आणि तेही हेच करायचे. एक गाडी म्हसळ्याकडच्या घाटात पेटली. मिस्त्री मागच्याच टेंपोत होता. दार उघडेना, काच फोडली, एक माणूस ओढून काढला. दुसरा राहिला. "ती आम्हीच भरलेली," तो म्हणाला. "दत्त्याला ठाऊक हाय. तरी भरतो." मग गॅरेजमध्ये जाऊन घण घेऊन आला आणि सुरेशला म्हणाला, "टेंपो काढ."

मीही बसले. मला दत्तूला चार शब्द सुनवायचे होते. तशी वेळच आली नाही. मिस्त्रीने आत शिरून आधी काउंटर फोडला, मग गॅसचा दाब मोजायच्या काट्यांचा सेट, मग भिंतीवरचे पाइप एकेक उपटून काढले. सिलिंडर तेवढे उचलून बाहेर नेऊन ठेवले, त्यांना घण लावला नाही. डोकं जागेवर होतं, हे मी मुद्दाम लिहितेय.

"दादा, पोटावर मारतोस काय!" दत्तू ओरडत होता.

सिलिंडरमधून गॅस ओढायचा एक पितळी जोड दत्तूने स्वतः बनवला होता. मिस्त्रीने तो जमिनीवर ठेवला आणि घण उचलला. दत्तूने जोड वाचवायला हात मध्ये घातला. मिस्त्रीने तो हात पाहिला. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते. घण थांबवता आला असता. त्याने थांबवला नाही.

दवाखान्यातून पोलिसांना कळलं. दत्तूने सांगितलं, जॅक घसरून हातावर पडला. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी बाहेर टेंपोत होते, काही पाहिलं नाही. उगाच साधुत्वाचा आव आणत नाही. मला माझी गाडी हवी होती आणि ती करणारा माणूस आत जायला नको होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेले तर माझ्या गाडीचे सगळे भाग धुऊन फडक्यावर मांडलेले होते आणि मिस्त्री त्यांच्यापाशी नुसता बसला होता.

"पोलिसांना काय सांगितलं, बाई?"

"तुमच्या भावाने सांगितलं तेच."

त्याने ऐरणीला लाथ घातली. अंगठ्याचं नख उलटलं असणार, पण तो कळवळला नाही. "मी जे फोडतो ते दाखवून फोडतो. तुम्ही बघितलं. मी काल जाऊन सांगितलं तर हवालदार म्हणतो, साक्षीदार न्हाय बोलतो, घरी जा. खोटं बोललेल्या बाईच्या गाडीत मी गॅस भरत न्हाय. उचला हे सामान."

"तुम्हाला आत टाकतील."

"टाकू दे."

मी अर्धा तास चिडून बाहेर उभी राहिले. मग पोलिसांकडे गेले आणि पाहिलेलं सगळं लिहून दिलं, थांबवता आलेल्या घणासकट. त्याला अटक झाली. जामिनावर सुटला त्या दिवशी घरी न जाता तो गॅरेजमध्ये आला आणि माझी गाडी पुरी केली. आतली हवा खेचून झाल्यावर तासभर दाबाच्या काट्याकडे बघत बसला. सुई हलली नाही, म्हणजे गळती नव्हती. नवा गॅस भरला, जुन्यापेक्षा थोडा कमी. पहिली गार झुळूक आली तेव्हा म्हणाला, "जा आता. आणि त्या सुऱ्याला सांग, बिडी सोड."

केस चालू राहिली. प्रत्येक तारखेला दोघे भाऊ एकाच एसटीने कोर्टात जायचे, एक पुढे, एक मागे. भावाचा हात मोडणाऱ्याकडे गाडी कोण नेणार? गिऱ्हाइकं तुटली. निकाल लागायच्या आधीच मिस्त्री छातीत कळ येऊन गॅरेजच्या दारात पडला. मी तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले. दत्तू डोकं भादरून बसला होता.

यंदा एप्रिलमध्ये एसी पुन्हा गार करेना. माणगावात ते काम करणारा आता दत्तूच आहे. उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. त्याने बॉनेट उघडलं, पितळी तोंडाला पाना लावून पाहिला. हलेना.

"न्हाय निघायचं," तो म्हणाला. "दादाने आवळलंय."

"काढायचंही नाही," मी म्हटलं.

"न्हाय काढत." त्याने पाना खाली ठेवला. एक रबरी कडी झिजली होती. ती बदलली, बाटली बदलली, नव्या गॅसचा पाइप त्याच तोंडाला लावला. मग जुनी बाटली उचलून तो मागे गेला. मागे मिस्त्रीचीच ती ऐरण होती. बाटली तिच्यावर ठेवून त्याने डाव्या हाताने घण माझ्याकडे सरकवला.

"माझ्याच्याने पेलत न्हाय. तुम्ही फोडा."

तो ऐरणीला अगदी खेटून उभा होता. "लांब उभं राहायचं," मी त्याला सांगितलं आणि घण उचलला.