सायकलवरून उतरणारी सून

लग्न होऊन मी सुरतला आले ती थेट गोडादऱ्यात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, रात्रपाळीला. सासऱ्यांनी उभा जन्म त्याच लूमवर काढलेला आणि आता ते घरी बसलेले. गल्ली सगळी आमच्याच तालुक्याची. खानदेश सोडून एवढ्या लांब यायचं आणि शेजारी पुन्हा चुलत सासरेच भेटायचे, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मला एका छोट्या मराठी शाळेत बालवर्गावर नोकरी लागली. पगार बेताचा होता, पण सकाळी कुणीतरी मला ‘बाई’ म्हणून हाक मारायचं, त्याचं मला फार अप्रूप होतं. शाळा मात्र लांब. शटल रिक्षा भरल्याशिवाय हलायची नाही, आणि चालत जावं तर प्रार्थना संपून गेलेली असायची. नवऱ्याने कुठूनशी एक जुनी लेडीज सायकल आणली. माहेरी मी हायस्कूलला सायकलनेच जायचे, त्यामुळे शिकायचा प्रश्न नव्हता. प्रश्न गल्लीतल्या दारापुढच्या ओट्यांचा होता.

आमच्यात थोरल्यांसमोर सून वाहनावर बसून जात नाही. उतरायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, खाली बघत चालायचं आणि नजरेआड झाल्यावर पुन्हा बसायचं. गावात एखाददुसरा ओटा असतो, भागतं. इथे सकाळी रात्रपाळीहून सुटलेले आणि कामातून सुटलेले असे सगळे चहा पीत ओट्यांवर बसलेले असत, ते थेट गल्लीच्या टोकाच्या खाडीपर्यंत. मी चार पायडल मारायचे की पुढचा ओटा यायचा. चढ, उतर, पदर सावर. शेवटी मी चढायचाच नाद सोडला आणि खाडीपर्यंत सायकल हातात धरून नेऊ लागले. गल्लीतला एक दीर हसून म्हणालाही, “वहिनी, सायकल आजारी शे का? रोज हात धरीसन लई जातस.”

मी हसले नाही. सायकल असूनही मला रोज उशीर होत होता.

एका सकाळी मोठ्या बाईंनी मला दारातच अडवलं. पुन्हा उशीर झाला तर दुसरी बाई बघेन, म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं होतं? मी नसताना माझा वर्ग त्याच सांभाळत होत्या. त्या दिवशी घरी येताना मी संतापाने नुसती धुमसत होते. सासरे माझ्याशी कधी थेट बोलत नसत आणि मीही त्यांच्याशी नाही. जे सांगायचं ते सासूबाईंमार्फत. म्हणून संध्याकाळी ते जेवायला बसलेले असताना मी स्वयंपाकघरातून सासूबाईंना उद्यापासूनचं सांगितलं, पण आवाज बाहेर जाईल असा.

“सकायपासून मी उतराव नही. उतरनू तं नोकरी जाई.”

सासूबाईंची तव्यावरची भाकरी करपली. “लोके काय म्हनतीन?” एवढंच त्या पुटपुटल्या. सासरे जेवले, हात धुतला आणि झोपायला गेले. माझा सगळा राग ओसरला आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. उद्या सकाळी चारचौघांत त्यांची मान खाली जाणार होती, ती माझ्यामुळे.

सकाळी दारातच सायकलवर बसले खरी. पण ओट्यावर सासरे आणि त्यांचे तीन थोरले चुलतभाऊ दिसले, आणि इतके दिवस अंगवळणी पडलेलं सुटेना. हात आपोआप ब्रेकवर गेले, एक पाय खाली आला. तेवढ्यात सासरे उठले. चहाची बशी तशीच सांभाळत ते वळले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

“फिरा रे तिकडे,” ते भावांना म्हणाले. “आपण देखं नही, तं तिले उतरानं काय काम?”

थोरले भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. मग एक जण कुरकुरत वळला. त्याचं बघून दुसरा. सगळ्यात वडील होते ते जरा वेळ अडून बसले, मग त्यांनीही पाठ केली. मी पायडल मारलं. पुढच्या ओट्यावर बातमी माझ्याआधी पोचली होती. तिथे दोघे आधीच भिंत न्याहाळत बसले होते. त्याच्या पुढच्या ओट्यावरही तेच. उभी गल्ली पाठमोरी झाली होती आणि मधून मी एकटी सायकलवर चालले होते.

सासऱ्यांनी भावकीसमोर माझ्यासाठी पाठ फिरवली होती. माझ्या वडिलांनीसुद्धा माझ्यासाठी असं काही केलं नसतं. खाडी ओलांडेपर्यंत मी रडू कसंबसं धरून ठेवलं, मग रडतच पायडल मारत राहिले. शाळेत पोचले तेव्हा फाटक अजून उघडायचं होतं.