चिडवायची वेळ

माझ्या ताईच्या खिमा-भाताचं कौतुक मी कित्येक वर्षं ऐकते आहे, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. कौतुक खोटं असतं म्हणून नाही, खिमा-भात उत्तमच असतो. डोकं फिरतं ते कौतुकाच्या शेवटच्या वाक्याने. भाऊजी वाडगा चाटूनपुसून रिकामा करतात, पोटावरून हात फिरवतात आणि समोर जो कोणी पाहुणा असेल त्याला सांगतात, "हिला आधी चिडवावं लागतं बरं का! त्याशिवाय ही चव येत नाही."

पाहुणे हसायचे. मुली हसायच्या. ताईसुद्धा हसायची, कारण पाहुण्यांसमोर दुसरं काय करणार! मी हसत नसे, म्हणून त्या घरात माझं नाव 'एरंडेल' पडलं. मी जिना चढून आले की भाऊजी मुलींना म्हणायचे, "तोंडं वाकडी करा गं, एरंडेल आलं."

ताई मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत आहे. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे गाऊन, सगळं तिच्या हाताखालून जातं. तिथे गरम रोलरची भलीमोठी इस्त्री असते. एका बाजूने दोघींनी ओली चादर ताणून आत सोडायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन बाहेर येते. ताण कमी पडला तर चुण्या, जास्त पडला तर बोटं आत जायची भीती. दिवसभर त्या वाफेत उभं राहून संध्याकाळी ताईचा चेहरा लालबुंद झालेला असतो. घरात त्या लाल चेहऱ्याला राग म्हणायची पद्धत होती.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. सकाळी लवकर जातात आणि दुपारीच मोकळे होतात. गावभरच्या लिफ्ट वर-खाली करणारा हा माणूस घरात एकदा सोफ्यावर बसला की हलत नाही. मी त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर कपडे दुरुस्त करून देते, पँटी आखूड करते, चेनी बदलते, त्यामुळे कोण कधी येतं, कोण काय करतं, सगळं मला दिसतं. दोन पोरी आहेत, मोठी कॉलेजात, धाकटी शाळेत. दोघींना भात लावता येतो. पण आई आल्याशिवाय कुकरला हात लावायचा नाही असं जणू कोणी शपथेवर सांगितलं होतं.

आता ताई काय करायची ते सांगते. आल्या आल्या हातपाय धुऊन भात चढवायची. मग पसरट कढई चांगली धूर निघेस्तोवर तापवायची, खिमा त्यात पातळ पसरायची आणि हात मागे घ्यायची. ढवळायचं नाही. लोक तिथेच चुकतात. सारखं ढवळलं की खिम्याला पाणी सुटतं आणि तो शिजतो, भाजत नाही. खालून खरपूस झाला की उलटायचा, वर लसूण, आलं, सोया सॉस, जरासं व्हिनेगर, चिमूटभर साखर, आणि फ्रिजमधल्या बरणीतलं लाल मिरचीचं वाटण दोन चमचे. कुकरची वाफ जिरेपर्यंत हे सगळं उरकतं. वाडग्यात गरम भात, त्यावर तो चकचकीत लाल खिमा, कडेला काकडी, वरून पातीचा कांदा. झालं जेवण. दमून आलेल्या बाईने दमलेल्या दिवशी करायचं, म्हणून तर तिने ते बसवलं होतं.

ते वाटण आम्ही दोघी रविवारी सकाळी करतो. घर झोपलेलं असतं. मिरच्या रात्रीच भिजत घातलेल्या असतात, लसूण सोलता सोलता आम्ही लाँड्रीतल्या आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या गप्पा मारतो. एक गिऱ्हाईक दर महिन्याला तीच पँट घेऊन येतो, कधी सैल करायला, कधी घट्ट करायला, आणि दर वेळी म्हणतो की कापडच खराब आहे. मिक्सरचं झाकण उघडलं की ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी, आणि त्यात हसू आवरत नाही. आठवड्यातली तिची सगळ्यात सुखाची वेळ तीच असावी.

आणि भाऊजींचं शास्त्र असं, की चव येते ती रागामुळे! फार पूर्वी कधीतरी बसच्या कंडक्टरशी भांडून ताई तणतणत घरी आली, आणि त्या दिवशी खिमा फक्कड झाला. त्याच आठवड्यात तिने बरणीचं वाटण पहिल्यांदा करून ठेवलं होतं, हे कोणाच्या ध्यानात येणार? भाऊजींच्या ध्यानात राहिलं ते तणतणणं. तेव्हापासून ती घरात शिरायच्या सुमाराला चिडवायची वेळ सुरू व्हायची. मोठी तिच्या पिशवीतलं सामान बाहेर काढून "हे काय आणलंस!" म्हणून नाक मुरडायची. धाकटी ओल्या पायाने पुसलेल्या फरशीवरून जायची. भाऊजींचा हुकमी एक्का म्हणजे खोटा फोन. मोबाइल कानाला लावायचा आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायचं, "आमची ही? छे हो, तिला काय जमतंय! चमचे हरवते घरातले!" पलीकडे कोणी नसायचं. ताई खिम्यावरून ओरडायची, "हो, हो, नाहीच जमत मला! सांगा सगळ्यांना!" की बाहेर तिघं टाळ्या द्यायची. आज झणझणीत होणार!

मी एकदा भाऊजींना स्पष्ट विचारलं, "दमून आलेल्या बाईला रोज डिवचता, लाज नाही वाटत?" तर म्हणाले, "अगं, प्रेमाने चिडवतो. ती पण मजा घेते." ती मजा घेते की नाही हे तिला विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

लाँड्रीच्या सुपरवायझरबाई यंदा निवृत्त व्हायच्या होत्या. ताईला ती जागा हवी होती. तिने घरात चकार शब्द काढला नव्हता, कारण त्याचीही मस्करी झाली असती. मला मात्र रविवारी लसूण सोलताना सगळं सांगायची. मनगटं आता रोलरपाशी साथ देत नाहीत म्हणायची. पण नुसतं बसून राहायचं म्हणून तिला ती जागा नको होती. "पहिलं काम काय करणार माहितीये? रोलरपाशी पंखा. भिंतीवरचा, मोठा. बाकी मग बघू." हे बोलताना ती इतकी खूश दिसायची की मी मनातल्या मनात तो पंखा लावूनही टाकला होता.

त्या दिवशी संध्याकाळी ती घरी न जाता आधी माझ्या दुकानात आली. स्टुलावर बसली. चेहरा लाल नव्हता, पांढरा पडला होता.

"काय झालं गं?"

"जागा गेली. दुसरीला दिली."

"का? बाई तर तुझंच नाव देणार होत्या ना?"

"काल संध्याकाळी बाईंनी फोन केला होता. मोबाइल बाहेर, कढईच्या तडतडीत मला रिंग ऐकू आली नाही. ह्यांनी उचलला." तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. "बाईंनी विचारलं, तुमच्या बायकोचं नाव वर कळवू का, तिला जमेल ना? तर हे म्हणाले, छे हो, तिला काय जमतंय, चमचे हरवते घरातले."

मला पुढचं कळलं आणि हातातली कात्री खाली ठेवावी लागली.

"मला वाटलं नेहमीचा खोटा फोन," ताई म्हणाली. "मी आतून ओरडले, हो, नाहीच जमत मला, सांगा सगळ्यांना. बाईंनी माझाच आवाज ऐकला. आज सकाळी मला म्हणाल्या, मला वाटलं तू तरी हो म्हणशील."

"आणि भाऊजी तुला काहीच बोलले नाहीत?"

"विसरले. जेवण तयार झालं होतं ना."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि तिच्याबरोबर वर गेले. माझ्या अंगाची नुसती लाही होत होती. दार उघडलं तर तिघं तयारीतच बसलेली. ताईने पिशवी खाली ठेवली आणि ओरडली. एवढ्या वर्षांत मी तिला तसं ओरडताना ऐकलं नव्हतं. "माझी जागा गेली तुमच्यामुळे! काल बाईंचा फोन होता, तुम्ही काय बोललात त्यांना?"

भाऊजींनी टाळी वाजवली. "वा! अगं, पटकन कढई ठेव, राग गार व्हायच्या आत!"

पोरी हसल्या. धाकटीने वाडगे मांडायला घेतले. "आज डबल तिखट!" मोठी म्हणाली. "मावशीला पण चिडवलंय वाटतं, बघा तोंड!"

ताई त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मला तिची दया आली नाही, मला त्या घराचा संताप आला. रोज रोज तिचा राग वाडग्यात वाढून खाल्ला होता त्यांनी. आता खरं रागवायची वेळ आली, तर तिच्यापाशी त्यांनी न खाल्लेला आवाजच उरला नव्हता. मी तोंड उघडलं, पण तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि आत गेली. फ्रिजमधून बरणी आणली, टेबलाच्या मधोमध ठेवली.

"ही कशाची बरणी?"

"चटणीची," धाकटी म्हणाली.

"कधी करते मी?"

कोणाला माहीत नव्हतं.

"रविवारी सकाळी. तुम्ही झोपलेले असता. ही आणि मी, दोघी हसत असतो. तिखट तिथेच ठरतं. रोज दोन चमचे घालते. चिडले तरी दोन, नाही चिडले तरी दोन." तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "अहो, उठा. आज तुम्ही करा. हसत हसत करा."

"मी?" भाऊजी अजून हसण्याच्या बेतात होते. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून उठले. मोठीने मुकाट्याने भात लावला. कढई कुठे असते ते भाऊजींना विचारावं लागलं. ताई दारात उभी राहून सांगत होती, पसरा, ढवळू नका, थांबा, आता उलटा, आता दोन चमचे. चमचेही सापडले, सगळेच्या सगळे, फडताळातल्या डब्यात.

"खा," ताई म्हणाली.

भाऊजींनी घास घेतला आणि त्यांना जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. नेहमीइतकंच तिखट होतं ते, ना कमी ना जास्त. मोठीने बापाकडे बघितलं, मग बरणीकडे, आणि चमचा खाली ठेवला. "बाबा," ती हळूच म्हणाली, "काल खरंच फोन होता?"

"मी मस्करी केली गं," भाऊजी पाणी पिऊन म्हणाले. "बाईंना कळायला नको? एवढी शिकलेली बाई—"

"बाईंना का कळावं?" मी ओरडले. आता मला कोणी अडवलं नाही. "बाई तुमच्या घरी राहतात का? एरंडेल म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण आत्ताच्या आत्ता त्यांना फोन लावा आणि खरं सांगा!"

"जेवण गार होईल."

"होऊ दे," ताई म्हणाली.

त्यांनी फोन लावला. स्पीकरवर ठेवायला मीच लावला. भाऊजी चाचरत बोलले, मस्करी होती, सवय आहे, तिला जमेल, तिला सगळं जमतं. वाडग्यांतली वाफ गेली, खिम्यावर तुपकट थर धरायला लागला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो, नाव सकाळीच वर गेलं. आता माझ्या हातात काही नाही. आणि तुमचं एकट्याचं असतं तर मी ऐकलंही नसतं. तिचाच आवाज होता तो." आणि वर विचारलं, "असली कसली सवय हो?"

भाऊजींनी फोन ठेवला. धाकटी रडायला लागली. ताईने तिला जवळ घेतलं नाही. गार झालेला भात तिने स्वतःच्या वाडग्यात घेतला आणि शेवटच्या शितापर्यंत जेवली. मग ताट-वाडगे तसेच ठेवून झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दामच वर गेले. भात लावलेला होता, काकडी चिरलेली होती. भाऊजी सोफ्यावर नव्हते, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते, हात कुठे ठेवावे ते न कळून. फोन लांब टीव्हीपाशी पालथा पडला होता. ताई आली. चेहरा लाल, रोलरच्या वाफेने. कोणी पिशवीत हात घातला नाही, कोणी फरशीवर नाचलं नाही. घरात एवढी शांतता की कढईतला खिमा तडतडलेला बाहेर ऐकू येत होता. तिने बरणीतून दोन चमचे घातले. वाडगे भरले.

सगळी खाली माना घालून जेवत होती. तिखट रोजच्यासारखंच होतं, नाकं ओढण्याचे आवाज येत होते. शेवटी धाकटीला राहवलं नाही. ती अगदी हळू, लाडात म्हणाली, "आई, आज तुला कोणीच चिडवलं नाही ना? आज तू चिडलेली नाहीस ना?"

"चिडलेली आहे," ताई म्हणाली, आणि काकडीची ताटली तिच्याकडे सरकवली. "जेव."