गिअरबॉक्समधलं खारं पाणी

यंत्र माणसाशी खोटं बोलत नाही. हे माझ्या थोरल्या भावाचं आवडतं वाक्य. ज्या ट्रॅक्टरला टेकून तो हे म्हणत असे, त्याचं तास मोजणारं मीटर आमच्या आठवणीत कायम एकाच आकड्यावर उभं होतं, आणि डिझेलचा काटा टाकी रिकामी असतानाही ती पाऊण भरल्याचं दाखवायचा. पण वाक्य भारदस्त होतं, आणि भारदस्त वाक्यं तपासून पाहण्याची आमच्या घरात पद्धत नाही.

त्या हिवाळ्यात दादाला अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, म्हणजे जे भाग बंद पडले असते तर घरच्यांनी वाईट वाटून घेतलं नसतं, ते चालू राहिले. डावा हात आणि डावा पाय मात्र त्याचं ऐकेनासे झाले. व्यायाम करून करून तो काठी टेकत अंगणात फिरू लागला. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ‘गाडीत ट्रॅक्टर येतो की नाही, ते त्यांनी स्पष्ट केलेलं नाही,’ असं दादाने घरी येऊन जाहीर केलं.

मी नुकताच निवृत्त होऊन किहीमच्या अलीकडच्या आमच्या वाडीत परत आलो होतो. दादाची तब्येत सुधारली तोवर ट्रॅक्टरची बिघडली होती. तिसरा गिअर आपोआप सुटायचा, आणि वळताना मागच्या भागातून असा काही कण्हण्याचा आवाज यायचा की वाटेतली कुत्री बाजूला होत.

“हा मी दुरुस्त करणार,” दादा ओटीवर बसून म्हणाला. “आणि भाताच्या चिखलणीला मीच बसणार.”

वहिनी बिरड्याचे वाल सोलत होत्या. “आणि नाही झाला दुरुस्त तर?”

“तर भंगारात. तोही आणि मीही.”

आमच्या खाचरांचे बांध उंच आहेत. बांधावर चढताना क्लच वेळेवर दाबला गेला नाही तर ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा येतो. शेजारच्या गावात वहिनींनी तसा उलटलेला ट्रॅक्टर पाहिला होता. आणि क्लच डाव्या पायाखाली असतो.

दुसऱ्या दिवशी त्या मला विहिरीपाशी म्हणाल्या, “भावजी, त्यांना मदत करा. पण घाई करू नका.”

एवढंच म्हणाल्या. मी मान हलवली. कशाला हलवली, ते मला नीट कळलं होतं.

आंब्याखाली ट्रॅक्टर लावला. मागची चाकं काढून धड ओंडक्यांवर टेकवलं. दादा खुर्चीत बसून हुकूम सोडायचा आणि मी पाने फिरवायचो. तेलाचं बूच काढलं तर तेलाऐवजी दाट दुधाचा चहा वाहू लागला. दादाने त्यात उजव्या हाताचं बोट बुडवून जिभेला लावलं.

“खारट,” तो म्हणाला.

हे आश्चर्य नव्हतं. पावसाआधी कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर वर ओढायला हाच ट्रॅक्टर जायचा. चाकांचा आस बुडेल इतक्या पाण्यात तो उभा राहायचा, आणि घरी आला की दादा त्याला विहिरीच्या गोड्या पाण्याने आंघोळ घालायचा. प्रश्न एवढाच होता, की इतकी वर्षं बाहेर राहिलेलं पाणी आत शिरलं कसं.

उत्तर मला जुना रंग खरवडताना सापडलं. गिअरबॉक्सच्या पाठीवर अळंबीएवढी एक टोपी असते. तिच्यातून आतली हवा बाहेर-आत करते. आमच्या ट्रॅक्टरला ती टोपी आहे हेच कोणाच्या लक्षात नव्हतं, कारण ती रंगाच्या थरांखाली पुरली गेली होती. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, म्हणून आमच्याकडे जे दिसेल ते दरवर्षी रंगवतात. खिडक्यांचे गज, फाटक, तुळशीपुढचा पाट. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा व्हायची, आणि पूजेआधी दादा होडीचा उरलेला ऑइलपेंट त्याला सढळ हाताने चोपडायचा. टोपी बंद झाली. ओढून ओढून तापलेलं यंत्र थंड पाण्यात उभं राहिलं, आतली हवा आकसली, आणि वरून श्वास घेता येईना म्हणून त्याने आसाच्या सीलमधून समुद्र ओढून घेतला. हयगयीने बिघडलेले ट्रॅक्टर पुष्कळ पाहिले होते. पूजेने बिघडलेला हा पहिला.

दादाचा दोस्त, एक होडीवाला नाखवा, मासळी द्यायला आला होता. होडी ओढल्याबद्दल पैसे घ्यायचे नाहीत, वर्षभर वाटा पोचवायचा, असा त्यांचा जुना रिवाज. त्याने खरवडलेला पापुद्रा उन्हात धरून पाहिला.

“यो निला आमचे होरीचा! त्याचे खालचा पिवला पन आमचाच! दादा, तू याला ट्रॅक्टर समजलास का होरी?”

“पाण्यात नेत होतास तेव्हा तू काय समजत होतास?” दादा म्हणाला. दोघं हसले. दादाचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता. त्याने तो उजव्या हाताने उचलून पालथा ठेवला.

आतलं सगळं गंजलेलं होतं. बेअरिंगांना खड्डे, तिसऱ्या गिअरचे दात झिजून गोल, आणि चाकांना ताकद पोचवणारी मोठी-छोटी दातेरी जोडी, क्राउन आणि पिनियन, कडांना खाल्लेली. नवा माल पेणहून आणला. खरं अवघड काम जोडताना होतं. ही जोडी एकमेकींना नेमकी कुठे टेकते ते पाहावं लागतं. त्यासाठी तेलात कालवलेला शेंदूर दातांना लावायचा, चक्र फिरवायचं आणि ठसा बघायचा. दाताच्या मधोमध उमटला तर बरोबर. कडेला उमटला तर पातळ पत्र्या घालून-काढून पुन्हा पहिल्यापासून.

“देवाचा शेंदूर घेतलात का हो?” वहिनींनी चहा ठेवत विचारलं.

“दुकानातला आहे,” दादा म्हणाला. “मारुती अजून रंगायचाच आहे.”

चक्र फिरवायला दोन हात लागतात, म्हणून फिरवायचो मी. ठसा कडेला उमटला. पुन्हा उघडलं. पुन्हा कडेला. शेवटी ठसा मधोमध आला. आता पिनियन हाताने फिरवून ती किती जड जाते ते पाहायचं होतं. ते मोजायची वस्तू आमच्याकडे नव्हती, आणि दादा कायम डावखुरा. त्याचं मोजमाप ज्या बोटांत होतं, त्या बोटांना आता काही लागत नव्हतं.

“तू सांग,” तो म्हणाला. “सैल वाटते की घट्ट?”

ती बरोबर होती. मधाच्या बरणीत पळी फिरावी तशी, अडखळ न लागता, जरा जड. मी नुसतं ‘सैल’ म्हटलं असतं तर आणखी काही दिवस निघाले असते, आणि चिखलणी टळेपर्यंत दिवसच तर निघायला हवे होते. वहिनी दारात उभ्या होत्या. दादाचं लक्ष माझ्या तोंडाकडे नव्हतं, माझ्या बोटांकडे होतं.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

वहिनी आत गेल्या.

ट्रॅक्टर उभा राहिला त्या सकाळी मी आणि नाखव्याने दादाला उचलून सीटवर बसवलं. वहिनी फाटक लावून फाटकापाशीच उभ्या राहिल्या. पहिल्या फटक्यात इंजिन लागलं. दादाने उजव्या हाताने डावा गुडघा उचलून पाय क्लचवर ठेवला, दाबला आणि गिअर टाकला. करकर असा आवाज झाला. त्याने पुन्हा दाबलं, चेहरा लाल होईपर्यंत दाबलं. पुन्हा तोच आवाज. क्लच अर्धाच दबत होता, आणि पेणहून आणलेले कोरे दात एकमेकांना खात होते. त्याने दांड्यावरचा हात चटका बसल्यासारखा काढला आणि इंजिन बंद केलं.



“क्लच कडक आहे,” दादा म्हणाला. “बस आणि बघ.”

त्याला उतरवून मी बसलो. पाय ठेवला. पिकल्या पपईत बोट जावं तसा क्लच खाली गेला.

“कडक आहे ना?” त्याने विचारलं.

मी खाली पाहिलं. तो काठीवर भार टाकून उभा होता.

“आहे,” मी म्हणालो. “बराच कडक आहे.”

“मग उघडायलाच हवा,” फाटकापासून वहिनी म्हणाल्या. यंत्राबद्दल त्यांनी मत दिल्याचं मी तेव्हा प्रथमच ऐकलं. “अर्धवट कशाला ठेवायचं?”

“खरा हाय वहिनीचा,” नाखवा म्हणाला.

पुढे चिखलणी शेजाऱ्याच्या पॉवर टिलरने झाली. क्लचपर्यंत पोचायला ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागतात. त्या सकाळनंतर दुसऱ्याच दिवशी नाश्ता करून आम्ही ते केले.