मागं राहणारा ठोका

ढोलवाल्याचा खांदा गेला आणि डॉक्टरांनी ढोल उचलायलाच बंदी केली. त्याच्या साथीवर गाणारा मेहुणा म्हणाला, "दाजी, ताल कॉम्प्युटरवर बसवून आणा. नाहीतर मी दुसरा ढोलवाला बघतो."

मग गड्यानं संगीताची सॉफ्टवेअरं हुडकायला घेतली. एकाला बटणंच फार म्हणून दुसरं घेतलं, दुसऱ्याचं तोंड आवडेना म्हणून तिसरं. लेक वैतागली. "बाबा, रोज नवं बिऱ्हाड केलंत तर चूल पेटायची कधी? एक धरा, आणि तेच शिका!"

त्यानं फुकटातलं धरलं. एका बोटानं कीबोर्ड बडवत पुरा ताल भरला. इकडंतिकडं पडलेला ठोका कॉम्प्युटर आपोआप जागेवर बसवायचा, त्यामुळं स्वारी खूश होती.

मेहुणा त्यावर गायला बसला आणि दुसऱ्याच ओळीला धापा टाकायला लागला. "दाजी, मी श्वास घेऊ कुठं? ओळीच्या शेवटी तुम्ही जरा रेंगाळायचात, तिथं घ्यायचो मी."

"तुझी बहीण जन्मभर मला उशिरावरून बोलतेय, आणि तू त्याच उशिरावर गात होतास होय रे!"

लेकीनं ठोके सरळ करायची सोय बंद करून दिली. त्यानं ताल पुन्हा भरला, शेवटचा ठोका सवयीनं जरा मागं ठेवून. मेहुण्यानं ओळ संपवली, पोटभर श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली. दुसऱ्या ढोलवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.