पत्ता : परतूर २, दगडासमोर

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगून राह्यलो. आधी चहा संपवा. माझा गाढवपणा ऐकताना ठसका लागला तर मला बोलायचं न्हाई!

लोकायला तंबाखूचा नाद असतो, पत्त्याचा असतो. मला हायवेच्या नंबरांचा नाद! जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, रिटायर झालो, आन् पाठोपाठ मंगल गेली. मंगल म्हंजे माझी बायको. पोरगी पुण्यात, तिच्या संसारात. इथं घरात मी आन् फ्रिज, दोघंच. फ्रिज अधूनमधून घुर्र करतो, मी हूं म्हणतो. झालं बोलणं.

मंग एक दिवस मोबाईलवर एक ग्रुप सापडला. सगळे रस्तेवेडे! कोणी बोर्डाचे फोटो टाकतंय, कोणी किलोमीटरच्या दगडांचे. पिवळ्या डोक्याचा दगड नॅशनल हायवेचा, हिरव्या डोक्याचा स्टेट हायवेचा, हे तरी ठावं हाये का तुम्हाला? न्हाई ना? आम्ही त्याच्यावर घंटा-घंटा भांडतो!

ग्रुपाचा एक कायदा हाये. रस्त्याला गावाचं नाव द्यायचं न्हाई. आपल्या परतूरकडून मंठ्याला जातो तो 'मंठा रोड', आन् मंठ्यातले लोक त्यालाच 'परतूर रोड' म्हणतेत. ह्याला काय अर्थ हाये? नंबरानंच बोलायचं. पाचशे अठ्ठेचाळीस सी! म्हंजे दिल्लीहून मुंबईवरून चेन्नईला जातो त्या अठ्ठेचाळीसचं लेकरू. शेवटचे दोन आकडे बापाचे. तिकडून माजलगाव, आष्टी, परतूर, मंठा, लोणार करत जातंय बिचारं. एवढी खानदानी वंशावळ असताना 'मंठा रोड' कामून म्हणायचं?

माणसायचं बी तसंच. ग्रुपात खरं नाव कोणी लावत न्हाई, फोन नंबर बी झाकलेले. मी 'परतूर झीरो', म्हंजे गावातला शून्याचा दगड. आन् बीडचा एक गडी हाये, 'जुना दोनशे अकरा'. त्याच्या गावच्या हायवेचा नंबर सरकारनं बदलून बावन्न केला, ते त्याला बिलकुल मान्य न्हाई. अजून दोनशे अकराच म्हणतो. त्याच्यावरून आमची भांडणं झाली आन् भांडणातून दोस्ती. रोज सकाळी त्याचा मेसेज येतो, "उठले का झीरो?" सांगू का तुम्हाला? मी सकाळी उठलो का न्हाई, हे विचारणारा जगात तेवढा एकच.

तर ह्या गड्यानं लिहिलं, "रविवारी येतो भेटायला. जेवायलाच."

आता काय सांगू! मंगल गेल्यापासून घरात पाहुणा म्हणून कोणी आल्तंच न्हाई. मी जाळे काढले, चादरी बदलल्या, दोन ताटं घासून पुसून ठेवली. शेजारच्या रुक्मिणकाकूला भाकऱ्या सांगितल्या. वांग्याची भाजी मी केली. शिरा बी केला, खाली जरा लागला, पण केला!

आन् पत्ता दिला असा झोकात: "५४८ सी. परतूर २ लिहिलेला दगड. समोरच घर."

रविवारी दुपारी मेसेज. "पोचलो. दगड हाये. घर कुठंय?"

मी पळत बाहेर. दगड जागेवर, पण त्याच्यापाशी एक शेळी फक्त.

"मी दगडापाशीच उभा हाये," मी लिहिलं.

"मी दगडाला टेकलोय," त्याचं उत्तर. "इथं नुस्ता कापूस हाये."

"५४८ सी च ना?"

"मला विचारता? मला?"

"मंग फोटो टाका!"

आला फोटो. पिवळं डोकं, परतूर २. अगदी माझ्याच दगडावानी! माझ्या डोक्यात सणक गेली. माणूस बीडहून निघालाच न्हाई, मी ग्रुपात टाकलेला जुना फोटो मलाच पाठवून मजा घेऊन राह्यला!

लिहून टाकलं, "चेष्टा करायला म्हातारा माणूस सापडला काय? यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं!"

मंग एकच ओळ आली, "माणूस ओळखायला चुकलो." आन् त्याच्याखाली दगडाच्या दुसऱ्या बाजूचा फोटो. त्याच्यावर लिहिलेलं, आष्टी.

आष्टी!

अरे देवा! रस्ता काय गावात येऊन मरतो का? इकडून शिरतो, तिकडून निघतो. गावाच्या दोन्ही बाजूला 'परतूर २' असणारच की! जन्मभर पोरायला नकाशे शिकवले, पोरायचे कान धरले, आन् स्वतःला एवढं कळू नये? 'मंठा रोड' एवढं लिहिलं असतं तर मामला खतम होता. पण न्हाई, आम्ही नंबरानं बोलणार!

उद्या सकाळी "उठले का झीरो?" कोण विचारणार? मोबाईल खिशात कोंबला, दाराला कुलूप घातलं आन् गाडीला किक मारली. निरोप टाकायचं भान कुठं होतं!

चौकात कापसाचे ट्रॅक्टर आडवे. सगळा जाम. समोरून एक जुनी कार बराबर माझ्या चाकापुढं घुसली. आत टोपीवाला, मिशाळ माणूस.

"मागं घ्या गाडी!" मी ओरडलो. "पाहुणा थांबलाय माझा!"

"तुम्ही घ्या की मागं! माझा बी माणूस थांबलाय!"

"वयानं मोठे दिसता, जरा अक्कल?"

"तुम्हाला हाये का?"

असे एकमेकांचे उद्धार करून सुटलो एकदाचे. आष्टीच्या अंगाला गेलो. दगड होता, कापूस होता, माणूस न्हाई. तिथंच मटकन बसलो. एवढं एकटं मला मंगलच्या तेराव्यालाबी वाटलं नव्हतं, खरं सांगतो.

तेवढ्यात मोबाईल वाजला. "कापूस येचणाऱ्या बाईनं सांगितलं, दगडांचे फोटो काढणारे मास्तर मंठा रोडला राहतेत. आलो. तर घराला कुलूप!"

"हलू नका!" मी लिहिलं. "पाया पडतो, हलू नका!"

परत आलो, तर माझ्या दारापुढच्या दगडावर सीताफळाची पिशवी मांडीवर घेऊन कोण बसलेलं? तोच टोपीवाला!

त्यानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं.

"झीरो?" तो म्हणाला.

"दोनशे अकरा?"

"अक्कल आणली का?"

"आष्टी रोडला सांडली," मी म्हणलो. 'रोडला' म्हणलो बरं का, आन् ते त्यानं बराबर पकडलं! मंग जे हसलो दोघं, शेळी बुजून पळाली.

जेवलो. त्यानं लागलेला शिरा दोनदा घेतला. बोललो किती! कुठला नंबर कुठं फुटतो, कुठला दगड कोणी उपटून पायरीला लावला, सगळं. उन्हं कलली तसा तो उठला. मी दगडापाशी उभा राहून कार दिसेनाशी होईस्तोवर हात हलवला.

दिवेलागणीला रुक्मिणकाकू भाकरीची दुरडी न्यायला आली. "लई हसून राह्यले होते दोघं," ती म्हणली. "नाव काय वो पाहुण्याचं?"

मी मोबाईल काढून पाह्यला. तिथं बी नुस्तं 'जुना दोनशे अकरा'.

न्हाई विचारलं! माणूस ताटाला ताट लावून जेवून गेला, त्याच्या रस्त्याचे जुने-नवे नंबर मला तोंडपाठ, आन् नाव ठावं न्हाई!

घाईघाईनं मेसेज केला, "एक विचारायचं राह्यलं. तुमचं नाव?"

उत्तर लगेच आलं. "आधी तुमचं सांगा. गाडी आष्टीत थांबवलीय. बायको फोनवर विचारून राह्यली, कोणाकडं जेवले? मी म्हणलं, झीरोकडं. ती म्हणती, मंग उपाशीच असाल, लवकर या!"

हसू आलं आन् डोळे बी भरले. मंगल गेल्यापासून मला नावानं हाक मारणारं कोणी राह्यलंच नव्हतं. काकूसाठी 'मास्तर', पोरीसाठी 'बाबा'. लई दिवसांनी स्वतःचं नाव लिहायला बसलो. 'माझं नाव' एवढंच टाइप केलं, तर त्या मोबाईलनं पुढचा शब्द आपल्या मनानंच सुचवला.

"परतूर!"