दिवाणखान्याची चौकट

कारंज्याजवळची जहागीरदारांची कोठी वर्षातून एकदाच सगळ्यांसाठी उघडी असायची, महालक्ष्म्यांच्या जेवणाला. लग्न होऊन मी त्या भागात आले ती पन्नास-बावन्न सालची गोष्ट. आल्यापासून मी एकच धोशा लावला होता, मला कोठीत न्या. तिथल्या वरच्या दिवाणखान्याची सागवानी चौकट माझ्या वडिलांनी कोरली होती. सुतार होते ते. मी रांगत होते तेव्हाच गेले. घरात त्यांचा फोटो नाही, अवजारंसुद्धा काकांनी वाटून घेतली. मला बाप पाहायचा तर त्या चौकटीतच.

शेवटी नेलं. पण नेलं कसं, डोकं फिरायची वेळ! आमच्या ह्यांना आधी हत्तीखाना पाहायचा होता. हत्ती मरून जमाना झाला, रिकाम्या छपरात काय पाहायचं? मग संत्र्याची बाग. मग विहीर आणि तिच्यावरची मोट, जशी काही आमच्या गावात मोटच नव्हती. वर मलाच म्हणतात, "चौकट कुठी पळून राह्यली काय?" सासूबाईंचं निराळंच. "आंधी दर्शन, मंग जेवण, मंग काय पाह्याचं ते पाह्य." आणि दिवाणखान्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या वरच्या दाराला दिवेलागणीच्या आत कुलूप लागतं, हे फाटकावरच्या माणसानं आल्या आल्याच बजावलं होतं.

पुरुषांच्या पंगती उठता उठता ऊन कललं. मग आम्ही बायका बसलो. पंगतीतलं वडील माणूस उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही, आणि मधूनच कोणी उठलं तर बाकीच्यांनीही हात आवरायचा, अशी रीत. आणि त्या पंगतीत सगळ्यांत वडील कोण? आमच्याच सासूबाई! तोंडात दात नाहीत. पुरणपोळी तुपात भिजवायची, मऊ व्हायची वाट पाहायची, तोवर शेजारणीला गुडघ्याचं दुखणं सांगायचं. वाढणारी पुढे गेली की तिला परत बोलवायचं, "वाढ वं माय, थोडी आंबील वाढ." माझ्या जिवाची नुसती तगमग. ओसरीवर कंदील पुसायला घेतले, वरून किल्ल्यांचा आवाज आला.

मी उठले. भर पंगतीतून उठले.

"अवं, काय करून राह्यली! पंगत मोडली ना!" सासूबाई ओरडल्या. मी हात धुवायलासुद्धा थांबले नाही. जिना चढून गेले तर कोठीचा माणूस वरच्या दाराला कुलूप लावतच होता.

"माह्या बापाचं काम हाय हे. पाहू दे," म्हटलं. तो बाजूला झाला.

चौकटीवर केळीचे घड कोरलेले, त्यांच्याखाली पोपट. एका पोपटाची मान जरा जास्तच वाकडी. हात लावायला गेले आणि थबकले. उजवा हात खरकटा, आणि बापाला डावा कसा लावायचा? शेवटी मी चौकटीला गाल लावला. रडू आलं, येऊ दिलं.

खाली सासूबाई अर्धी पोळी पानात तशीच टाकून फणफणत उभ्या होत्या. "लाकडाच्या पायी मले उपाशी उठवलं! असं कोण होतं वं वरतं?"

"माहे बाबा होते," मी म्हटलं आणि हात धुवायला गेले.